बर्नडीनची माघार

मर्ल हाउगेनला ‘येते’ म्हणण्यात आपला फायदा किती, याचा अंदाज आर्डिस टोलेफसनने बस येण्याआधीच घेऊन ठेवला होता. दुपारचं गरम सूप, तेही समोर माणूस बसलेला असताना, हा पहिला. दुसरा कौतुकाचा. हा गृहस्थ मिसरूड फुटल्यापासून तिच्यासारख्या विज्ञानकथा लिहिणाऱ्यांच्या गोष्टी वाचत आलेला, आणि असा वाचक आपण होऊन जेवायला बोलावतो तो काही भांडायला नव्हे. निदान मिनेसोटात तरी नव्हे. तिसरा फायदा तिने मनातसुद्धा मोठ्याने म्हटला नाही. हाउगेनला बायको होती, बर्नडीन नावाची. म्हणजे घर होतं, घरात जेवणाचं मोठं टेबल असणार, आणि नोव्हेंबरातल्या सणाच्या त्या गुरुवारी, सबंध शहरात टर्की भाजल्याचा वास सुटतो आणि आर्डिस डबाबंद मका उघडते त्या दिवशी, टेबलाशी एक जास्तीची खुर्ची लावायला नवराबायकोला काय जड जाणार होतं? ‘आर्डिसला बोलाव की, एकटीच असते बिचारी,’ असं ती न पाहिलेली बर्नडीन म्हणते आहे, हे तिला ऐकूसुद्धा आलं. ‘बिचारी’ हा शब्द तिला एरवी सुईसारखा टोचायचा. पण टर्कीबरोबर तो गिळायची तिची तयारी होती. आता मार्च चालला होता, रस्त्याच्या कडेचे बर्फाचे ढीग काळे पडले होते. पण एकट्या माणसाला सणांची तरतूद लवकर करावी लागते.

या सगळ्या जमेत फक्त एक गोष्ट बसत नव्हती. गेल्या शनिवारी विमानतळाजवळच्या हॉटेलात विज्ञानकथावाल्यांचं वार्षिक संमेलन होतं, तिथे तिने आपली नवी कथा वाचली. बर्फाळ चंद्रावरची वसाहत, काचेचा घुमट, आणि घुमटातली ऊब सांभाळणारं यंत्र. यंत्र ऊब हात राखून देतं, इंधन पुढच्या पिढ्यांना उरावं म्हणून, माणसं कुडकुडतात, भांडण पेटतं. शेवटी म्हातारा अभियंता मुख्य कळ ओढायला जातो तेव्हा यंत्र त्याला अडवत नाही. शांतपणे म्हणतं, ‘तुमचं बरोबर होतं. मी सगळं मोजलं, माणूस तेवढा मोजायचा राहिला.’ कळ ओढली जाते, यंत्र विझतं, त्याने अडवून धरलेली ऊब घुमटात पसरते. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. आणि दुसऱ्या रांगेतला मर्ल हाउगेन उठला. फरशीवर आवाज होऊ नये म्हणून त्याने आपली खुर्ची किंचित उचलली, होती तिथे परत ठेवली, कोट हातावर घेतला आणि गेला. एवढंच. रागावलेला माणूस खुर्ची सरकवून जातो, कंटाळलेला तशीच टाकून जातो. खुर्ची इतकी जपून ठेवणारा माणूस काय होऊन जातो, हे आर्डिसला चार दिवस उमगलं नव्हतं. दात घासताना, बर्फ झाडताना, तिला ती खुर्ची दिसत होती. मग त्याचा फोन आला: ‘जरा बोलायचं होतं. तसं घाईचं काही नाही.’

यंत्राचं नाव बर्नडीन होतं, ते त्याच्यामुळेच. या संमेलनात दरसाल एक लिलाव होतो. पुढच्या कथेत कुणाचं नाव घालायचं हा हक्क लेखक विकतो, आणि पैसे आजारी मुलांच्या पुस्तकांना जातात. विकत घेणाऱ्याची एकच मागणी असते: मला मारा, पण झकास मारा. सेंट पॉलचा एक दंतवैद्य वेगवेगळ्या लेखकांकडून तीनदा मेला होता आणि तिन्ही पानं त्याने दवाखान्यात चौकटी करून लावली होती. या मंडळींत मारणं हा पाहुणचार. गेल्या साली मर्लने बोली जिंकली आणि स्वतःचं सोडून बायकोचं नाव दिलं, तेव्हा आर्डिसला मौज वाटली. ‘बाई आल्या नाहीत?’ तिने विचारलं होतं. ‘तिला या गोष्टींचा कंटाळा,’ तो म्हणाला. ‘बरं, त्यांचं काहीतरी एक सांगा. नुसत्या नावाला चव नसते.’ त्याने फार वेळ विचार केला. ‘हीटर चालू, आणि खिडकी बोटभर उघडी. असा खाक्या.’ आर्डिसने आणखी काही विचारलं नाही. इथे कुणी कुणाला खोदून विचारत नाही. शेजारी मेला तरी त्याच्या अंगणातलं बर्फ दोन दिवस झाडलं गेलं नाही म्हणजे कळतं.

बस निकोलेट रस्त्याने डुलत चालली होती. काचेवर वाफ होती, आणि तिने बोटाने केलेल्या भोकातून शहर पट्टीपट्टीने सरकत होतं. माणूस आणि यंत्र यांच्या भांडणाचे निकाल लावून तिने आयुष्य काढलं होतं, तिनेच का, तिच्या सगळ्या बिरादरीने. निकाल तसे मोजकेच. पूर्वी यंत्राला एक कोडं घालायचे; यंत्र कोड्यात अडकून धूर सोडायचं, आणि माणूस हात झटकत घरी जायचा. पुढे यंत्रं शहाणी झाली, तेव्हा ती रुसून माहेरी निघाल्यासारखी ताऱ्यांकडे जाऊ लागली. मधल्या काळात त्यांना प्रेम फार व्हायचं आणि प्रेमापायी ती जळून जायची. अलीकडची तरुण पोरं माणसालाच शेवटच्या पानावर यंत्र ठरवतात आणि भांडणच खोटं पाडतात. काहीही करा, शेवटी खोलीतून कुणीतरी एक बाहेर जातं, आणि जाणारा माणूस नसतो. आर्डिसची खासियत अशी की तिचं यंत्र जाता जाता मान्य करून जायचं. भलेपणाने. शिकागोचा वेंडेल प्रुइट, तिचा जुना संपादक, म्हणायचा, ‘आर्डिस, तुझं यंत्र मरतं तेव्हा वाचकाला अपराधी वाटत नाही. ही कला आहे.’ मधली बरीच वर्षं या कलेला गिऱ्हाईक नव्हतं. आता वेंडेल माणूस-यंत्राच्या झगड्यांचा एक जाडजूड संग्रह काढत होता, आणि बर्नडीनची कथा त्याने शेवटच्या वाक्यासकट उचलली होती. पुस्तकाच्या पाठीवर नाव. आर्डिसने ते नाव अनेकदा मनात छापून पाहिलं होतं, अक्षरं जरा मोठी करून.

सूपचं दुकान दुसऱ्या मजल्यावर, दोन इमारतींना जोडणाऱ्या काचेच्या पुलाच्या तोंडाशी होतं. मर्ल आधीच येऊन बसला होता. चष्म्यांचं दुकान विकून निवृत्त झालेला माणूस. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचा तो नंबर काढत असल्यासारखा.

‘सापडलं ना?’

‘सापडलं.’

‘हे पूल चुकतात लोकांचे.’

‘मी याच शहरात जन्मले, मर्ल.’

‘तरी चुकतात.’

रानतांदळाचं सूप आलं. बर्फ यंदा जास्त टिकला यावर दोघांचं एकमत झालं. गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपट्यांपैकी एक कुणी वेळेवर काढलं नाही आणि ते बुडालं, यावरही झालं. मग मर्लने चमचा बशीत आडवा ठेवला.

‘तुमची गोष्ट,’ तो म्हणाला, ‘वेगळी होती.’

इथे माणूस भाजी नावडली तरी ‘वेगळी झालीय’ म्हणतो, यापुढची पायरी नाही.

‘बर्नडीनबाईंना नाही आवडली?’

‘ती गेली हो. मागच्याच्या मागल्या हिवाळ्यात.’ तो लगेच पुढे म्हणाला, ‘तुम्हाला कुठून ठाऊक असणार. मी बोललोच नव्हतो.’

ते मोठं टेबल, ती जास्तीची खुर्ची, भाजलेल्या टर्कीचा वास, सगळं एकदम उठून चालू लागलं. आणि त्याची तिला लाज वाटली, कारण समोरच्याची बायको मेली होती आणि आपलं मन टर्कीमागे धावलं होतं. ‘मला माहीत असतं तर,’ ती म्हणाली, ‘तर मी त्यांना मारलं नसतं. शपथेवर सांगते.’

‘मारण्याचं काही नाही हो, टोलेफसनबाई. लिलावात मी दुसरं काय घेतलं होतं? आणि ती तशीही मरून झाली होती. तुम्ही तिला चंद्रावर नेलंत, घुमट दिलात, छान केलंत. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हं, अशीच. हट्टी. आता हिची जिरणार नाही. आणि तुम्ही तिला म्हणायला लावलंत, तुमचं बरोबर होतं.’

‘ते यंत्र म्हणतं.’

‘यंत्राचं नाव काय?’

आर्डिस सूपमधले तांदूळ चमच्याने कडेला सारू लागली.

‘लग्न झालं तेव्हापासून भांडत होतो आम्ही त्या खिडकीवरून,’ मर्ल म्हणाला. ‘मी म्हणायचो, बाई, आपण सगळ्या मिनियापोलिसला ऊब पुरवायचा मक्ता घेतलाय का? ती म्हणायची, तू आपल्याच श्वासात मुरतोयस मर्ल, बरणीतल्या हेरिंग माशासारखा. इस्पितळातसुद्धा तेच. तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत. मी म्हटलं, बघ, एवढे शिकलेले लोक खिडक्या बंद ठेवतात, आता तरी कबूल कर. म्हणते, खिडकी उघडत नाही म्हणून तू जिंकलास असं होत नाही.’

‘मग?’

‘मग नर्स आली.’ त्याने रुमालाने चष्मा पुसला, तो स्वच्छ होता तरी. ‘घरी येऊन खिडकी लावून टाकली. हीटर हवा तेवढा. जिंकलो ना मी. कुणी हरलंच नाही आणि मी जिंकून बसलो. तर शनिवारी तुमच्या तोंडून ते वाक्य आलं, आणि मला क्षणभर इतकं बरं वाटलं, काय सांगू. जन्मभर त्या वाक्याची वाट पाहिली होती. आणि बरं वाटलं त्याच क्षणी ती खोलीत नव्हती. तोवर होती. त्या वाक्यानंतर दुसऱ्याच कुणाची तरी बायको होती तिथे.’

‘छपाईला जायचंय ते,’ आर्डिस हळूच म्हणाली.

‘वाक्य काढता आलं तर बघा. नाही आलं तरी माझं काही म्हणणं नाही.’

‘पण ती मान्य करत नसेल तर तो कळ ओढेल कसा? खुनी ठरेल. आणि कळ ओढली नाही तर भांडण मिटत नाही.’

‘हो,’ मर्ल म्हणाला. ‘नाही मिटत.’

परतीच्या बसमध्ये उजवीकडची जागा रिकामी होती. आर्डिसने तिथे पिशवी ठेवली. रागच आला होता तिला. कथा काय खिडकी आहे, की कुणी येऊन म्हणावं, जरा उघडी ठेवा? भांडण असलं की निकाल हवा, त्याचसाठी लोक शेवटचं पान उलटतात. आणि ते वाक्य तिचं होतं, तिने घडवलेलं, तिच्या सगळ्या यंत्रांच्या तोंडी शोभलेलं. ती मनात त्या यंत्रांना एकेक करून बोलवू लागली. खाणीतलं यंत्र, जहाजावरचं, मुलांना सांभाळणारं. प्रत्येक यंत्र आलं आणि आपलं वाक्य म्हणून विझलं. आणि बस एका वळणावर कलली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की सगळ्यांचा आवाज एकच आहे. किंचित घोगरा, नाकातून येणारा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. सगळी यंत्रं दारात उभी राहून बोलत होती. आणि प्रत्येकाने टोपी काढून हातात घेतली होती. यंत्राला कसली आली आहे टोपी?

कर्टिसला होती. त्या दोघा नवराबायकोचं भांडण खिडकीचंही नव्हतं, दाराचं होतं. ती लिहायला बसली की दार लावून घ्यायची, आणि कर्टिस टोलेफसन दारावर टकटक करायचा. काम काहीच नसायचं. ‘आर्डिस, अंगणात लाल पक्षी आलाय.’ ‘आर्डिस, कॉफी कढत आहे तोवर घेतेस?’ ‘आर्डिस, कचऱ्याची गाडी आज उलट्या बाजूने आली, बघ.’ ती किंचाळायची नाही. इथे कुणी किंचाळत नाही. ती फक्त उत्तर द्यायची नाही. कधी समजावून सांगायची, शांतता ही चैन नाही, अवजार आहे. तो म्हणायचा, दोन माणसांच्या घरात एवढी शांतता बरी नव्हे. ती पुरावे द्यायची. ती वाक्यं जोडण्यात हुशार, तो त्यात कच्चा. आणि एका सकाळी तो बॅग भरून दारात उभा राहिला, टोपी काढली, आणि म्हणाला, ‘तुझं बरोबर आहे, आर्डिस. तुला शांतता हवीच.’ भलेपणाने म्हणाला. मग ॲरिझोनाला बहिणीकडे गेला. तिला अपराधी वाटलं नाही. समोरच्याने मान्य केल्यावर अपराध उरतो कुठे? बर्फ वितळायच्या आत तिने तसली पहिली कथा लिहून काढली, ती लगेच खपली, आणि तेव्हापासून आजतागायत घरात शांतता इतकी होती की फ्रिजचं यंत्र मध्येच बंद पडलं तर ती दचकून जागी व्हायची. तो हरला होता की कंटाळला होता, हे तिने कधी विचारलं नव्हतं. जिंकणाऱ्याने विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिहायला बसली. अभियंता कळीपाशी आला. ‘मग?’ त्याने विचारलं. आर्डिसची बोटं सवयीने जुनं वाक्य लिहू लागली. तिने ती आवरली. यंत्राला बोलू द्यायचं ठरवून ती वाट पाहत राहिली, आणि कॉफी गार झाल्यावर बर्नडीन बोलली. ‘ओढा खुशाल,’ ती म्हणाली. ‘पण चूक तुमचीच आहे.’ अभियंत्याचा हात कळीवर राहिला. हे त्याला अनपेक्षित होतं, आर्डिसलाही. ‘कशी काय?’ तो म्हणाला. आणि एक खोकं पालथं घालून त्यावर बसला. बर्नडीन सांगू लागली. त्याला पटेना. बाहेर घोंगड्या पांघरून लोक ताटकळले होते, त्यांनी दार वाजवलं. ‘थांबा हो,’ तो ओरडला, ‘ही काय बोलते आहे ते तरी ऐकू द्या.’ ऊब वाढली नाही. कळ ओढली गेली नाही. आर्डिस लिहीत होती आणि कोणाचं बरोबर हे तिला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच. मान दुखायला लागली तेव्हा तिने पाहिलं, दोघं अजून भांडतच होती. तिने तिथेच पान सोडलं आणि ते वेंडेलला पाठवलं.

त्याचा फोन संध्याकाळच्या आत आला. ‘अगं आर्डिस, शेवट पाठवायचा राहिला वाटतं.’

‘हाच शेवट.’

‘यात कुणी जिंकलंच नाही.’

‘नाही.’

‘मग वाचकाने घरी काय न्यायचं?’

‘भांडण,’ ती म्हणाली. तिलाही ते जरा मूर्खासारखं वाटलं.

वेंडेल हसला. माणूस वाईट नव्हता. ‘हे बघ, माझ्या वाचकाला घरी भांडण आधीच आहे. मला पुस्तक मिटल्यावर मिटल्यासारखं वाटायला हवं. तुझा जुना शेवट सोन्यासारखा आहे, तोच ठेवतो. तू फक्त हो म्हण, उद्या छपाईला जातं. नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. आणि खरं सांगू का, यापुढे मी तरी दुसरा संग्रह काढणार नाही.’

पुस्तकाच्या पाठीवरचं नाव तिला दिसत होतं. हो म्हटलं असतं तर मर्ल हाउगेन काही बोलायला येणार नव्हता. तो बोलणाऱ्यांतला नव्हताच. कुणाला कळलंही नसतं. फक्त दारात टोपी घेऊन उभं राहिलेलं ते कुणीतरी आणखी एकदा, छापील अक्षरांत, तिचं बरोबर आहे असं सांगून गेलं असतं. आणि ते ऐकायची तिला आता शिसारी आली होती.

‘दुसऱ्या कुणाला द्या,’ ती म्हणाली.

मर्लला तिने ती पानं टपालाने पाठवली. चिठ्ठी जोडली नाही. त्याचा फोन आला तेव्हा तो धापा टाकत होता.

‘वाचली,’ तो म्हणाला. ‘तीच आहे हो ही. अगदी तीच. ते चूक तुमचीच आहे असं म्हणते ना, तिथे मी उत्तर दिलं. मोठ्याने. मग राहवेना, सगळंच बोलून घेतलं, इतक्या दिवसांचं साठलेलं. वरच्या मजल्यावरची बाई येऊन दार वाजवून गेली, काय चाललंय म्हणून.’

‘काय सांगितलंत?’

‘काय सांगणार? म्हटलं, घरगुती आहे.’

तो हसला, आणि आर्डिसही हसली. मग दोघंही थांबली. तिला वाटलं आता तो म्हणेल. तो म्हणालाही, ‘या की कधीतरी जेवायला.’ आर्डिस रीतीप्रमाणे म्हणाली, ‘छे, तुम्हाला कशाला त्रास.’ इथे बोलावणाऱ्याने तीनदा बोलवायचं आणि येणाऱ्याने दोनदा नाही म्हणायचं, तेव्हा कुठे ते खरं बोलावणं. ती दुसऱ्या खेपेची वाट पाहत राहिली. तारेतून त्याच्या खोलीतला आवाज येत होता, खुर्चीचा की कागदांचा. ‘बरं तर,’ मर्ल म्हणाला, जरा घाईने, कुणीतरी आतून हाक मारल्यासारखा. ‘सांभाळा. रस्ते निसरडे आहेत.’

पुस्तक उन्हाळ्यात निघालं. वाचनालयात तिने ते चाळून पाहिलं. तिच्या जागी एका तरुणाची कथा होती, नीट लिहिलेली. तिच्यातलं यंत्र शेवटी कुणालाही दोष न देता ताऱ्यांकडे निघून जातं. वेंडेलला त्याचा मिटलेला शेवट मिळाला. आजारी मुलांना पुस्तकं मिळाली होतीच. मर्ल हाउगेनला भांडायला बायको मिळाली, आणि त्या घरात तिसऱ्या माणसाची गरज उरली नाही. यंत्राने मात्र एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच भांडण मिटवायची किंमत भरली नाही. बर्नडीन आपल्या घुमटात तशीच धगधगत होती, एक पैही कमी न होता. आणि दारातला तो माणूस, ज्याने सगळं भरलं अशी आर्डिसची इतकी वर्षं समजूत होती, त्याच्या नावावर आता काही निघत नव्हतं. तो नुसता निघून गेला होता. पुस्तक, टर्कीच्या टेबलाशी मिळू शकणारी जागा, आणि आपलं बरोबर होतं ही इतकी वर्षं जपलेली शिल्लक, एवढं तिने एकटीने मोजून दिलं. घेतलं कुणी, ते काही तिला कळलं नाही.